परवाना मागणारं बेट

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "आपल्याच देशात कसला परवाना?" आमच्या स्टाफरूममध्येही हाच प्रश्न आला. दुसरा प्रश्न मोहल्ल्यातला होता: "तिथं तर सगळे आपलेच लोक आहेत, तुम्हाला कोण अडवणार?" दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन कुटुंबं अगत्तीला चार दिवस राहून आलो. मला आता वाटतं, हे दोन्ही प्रश्न एकाच सवयीतून येतात. एकाला ते बेट देशाचं मोकळं अंगण वाटतं, दुसऱ्याला कौमचं. तिथं राहणाऱ्या माणसाला काय वाटतं, हे दोघांच्याही डोक्यात येत नाही.

आधी साधा हिशेब बघू. कोचीपासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटरवर ही ३६ बेटं पसरली आहेत. माणसं राहतात ती फक्त १० बेटांवर. सगळी जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांच्या वर. त्यांतले ९६ टक्क्यांहून जास्त मुसलमान, आणि ९४ टक्क्यांहून जास्त अनुसूचित जमातीत मोडणारे. बाहेरच्यांच्या प्रवेशाचे आणि राहण्याचे नियम १९६७ पासून आहेत. अगत्तीवर काही ठिकाणी रस्त्यात उभं राहिलं की दोन्हीकडे समुद्र दिसतो. तिथं गोडं पाणी म्हणजे वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी. ते खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. जास्त उपसलं की विहिरीला खारट पाणी लागतं. अशा ठिकाणी किती पाहुणे यावेत, हे कुणीतरी मोजायला नको का?

आता ज्यासाठी सगळे जातात त्या स्नॉर्केलिंगबद्दल. मीही केलं, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि लाइफ जॅकेट घालून. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं. पोहता येत नसलं तरी चालतं. पोपटमासा प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो, तो आवाज पाण्यात चक्क ऐकू येतो. खाताना तो प्रवाळाचा चुनाही गिळतो आणि वाळू करून बाहेर टाकतो. ज्या पांढऱ्या किनाऱ्याचे फोटो आपण स्टेटसला ठेवतो, त्यातली बरीचशी वाळू त्याच्या पोटातून आलेली असते. हे ऐकून आमची मुलं दिवसभर हसत होती.

पण खाली सगळंच रंगीत नव्हतं. राखाडी, मोडलेल्या फांद्यांचे ढीगही होते. समुद्राचं पाणी जास्त दिवस तापलं की प्रवाळ आपल्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि बऱ्याचदा मरतं. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये हा फटका बसला. संशोधकांनी १९९८ ते २०२२ या काळात केलेल्या पाहणीत जिवंत प्रवाळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं आढळलं. तिथल्या माणसासाठी हा शोभेचा प्रश्न नाही. पावसाळ्यात येणारी लाट या प्रवाळावर फुटते म्हणून त्याचं घर उभं राहतं. आमचा नाववाला पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला सांगत होता, पाय टेकू नका. तरी दुसऱ्या नावेतला एक जण फोटोसाठी प्रवाळावर उभा राहिलाच.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे स्नॉर्केलिंगचे फोटो आले आणि देशभर लक्षद्वीपची चर्चा सुरू झाली. पर्यटनातून तिथल्या तरुणांच्या हाती पैसा येतो, आणि तो यायलाच हवा. पण त्याआधी २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या मसुद्याला याच लोकांनी जोरदार विरोध केला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्या जमिनीचं काय करायचं ते आपल्याला न विचारता ठरेल, ही त्यांची भीती होती. ज्याच्याकडे जमीनच एवढीशी आहे, त्याची ही भीती समजायला फार अक्कल लागत नाही.

आता आपल्या लोकांविषयी. जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर सलाम-दुआ झाली आणि पुढं बोलणंच खुंटलं. तिथली बोली मल्याळमची, जेसेरी. मिनिकॉय बेटावर तर महल बोलतात, मालदीवच्या भाषेची बहीण. आमच्यातले एक भाईसाहेब हळूच म्हणाले, "मुसलमान असून उर्दू येत नाही?" मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. "मुसलमान असून इतकं चांगलं मराठी?" हे कौतुक मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आले आहे. दोन्ही वाक्यांत फरक काय? दोन्हीकडे मुसलमानाची भाषा दुसऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेली. खरं तर आमच्यासोबत रत्नागिरीकडचं एक कुटुंब होतं, त्यांना नमाजमध्ये काहीच परकं वाटलं नाही. कोकणी मुसलमान शाफई, हे लोकही शाफई. नातं आहे, पण ते उर्दूतून आलेलं नाही, समुद्रावरून आलेलं आहे.

एका घरी चहाला बोलावलं. हिंदी येणारी मुलगी मध्ये बसून सांगत होती. घर कुणाचं विचारलं, तर म्हणाली, "उम्माचं." म्हणजे आईचं. इथं तरवाडाची वडिलोपार्जित मालमत्ता आईच्या वंशातून पुढं जाते, तिला शुक्रवारची मालमत्ता म्हणतात. स्वतः कमावलेली ती सोमवारची, तिला शरियतचा वारसा लागू होतो. लीला दुबे यांनी १९६९ साली या समाजावर पुस्तकच लिहिलं, मातृवंश आणि इस्लाम या विषयावर. आता रीत बदलते आहे, तरी पूर्ण गेलेली नाही.

परतताना चर्चा रंगली, "हे इस्लाममध्ये बसतं का?" प्रश्न विचारायला हरकत नाही. पण आपल्याकडे बहिणीचा कुरआननं ठरवून दिलेला हिस्साही हक्कसोडपत्रावर सही घेऊन भावाच्या नावावर जातो, आणि वर "तिनं खुशीनं सोडला" असं सांगतात. त्या वेळी हा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. दुसऱ्याच्या घरातल्या रिवाजावर फतवा देण्याआधी आपल्या तलाठ्याकडचा सातबारा बघावा.

मदरशात लहानपणी सूरह नूरमधली एक गोष्ट शिकवतात: दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरायचं नाही. परत जा म्हटलं तर परत जायचं. लक्षद्वीपचा परवाना मला याच अदबीचं सरकारी रूप वाटतो. तो मिळवायला चार कागद जास्त लागले म्हणून कुरकुर करू नये. देश आपला आहे, कौमही आपली आहे, पण घर त्यांचं आहे.

तेव्हा जरूर जा. मुलांनाही पाण्यात उतरवा, मुलींना आधी. प्रवाळाला हात लावू नका, तुकडा खिशात घालून आणू नका, तो कायद्यानंही गुन्हा आहे. आंघोळीला बादलीभर पाणी पुरतं. आणि चार दिवसांतला एक दिवस माशांऐवजी माणसांसाठी ठेवा. भाषा येत नसली तरी सलाम येतो, तेवढ्यावर चहा मिळतो.