निमो कुठून आला, ते विचारा

या आठवड्यात मला एका दुकानदाराचा राग आला आहे आणि तो अजून ओसरलेला नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यानं पैसे साठवले, ते खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी घ्यायला. दुकानदारानं एकाच संध्याकाळी सगळं बांधून दिलं: तीस लिटरची टाकी, मिठाची पिशवी, फिल्टर, दोन निमो, म्हणजे क्लाउनफिश, आणि एक निळा टँग. घरी जा, नळाच्या पाण्यात मीठ विरघळव, मासे सोड. आठवडा संपायच्या आत तिन्ही मासे मेले. मुलगा खाली आला तो डोळे पुसतच. ‘‘मावशी, माझंच काहीतरी चुकलं असणार.’’

त्याचं काही चुकलेलं नव्हतं. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया साठतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना मारक असतात, तिसरं बेतात असलं तर चालतं. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत पाणी, दगड आणि जिवाणूंसाठी चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, मासा नाही. हे दुकानात सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण सांगितलं तर गिऱ्हाईक त्या दिवशी मासे घेत नाही, मेलेल्यांच्या जागी नवे घ्यायला पुढच्या आठवड्यात परतही येत नाही. राग आहे तो याचा.

त्याच्यासोबत बसून मी नव्यानं हिशोब मांडला. पैसे बेताचे असतील तर लहान टाकी घेऊ नये, कारण थोडं पाणी लवकर बिघडतं. शंभर लिटरची वापरलेली टाकी बघावी. नोकरी बदलून गाव सोडणारी माणसं बेंगळुरूत भरपूर, त्यांच्या टाक्या विकायला असतात. गच्चीवर नेऊन दोन दिवस पाणी भरून ठेवावी, म्हणजे गळते का ते कळतं. आधीच्या मालकानं तांबं असलेलं औषध वापरलं होतं का, हेही विचारावं, कारण तांब्याचा अंश राहिला तर पुढं कोळंबी जगत नाही. मीठ समुद्री टाकीसाठीचंच हवं. स्वयंपाकाच्या मिठात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम पुरेसं नसतं. लिटरला 35 ते 40 ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला चार किलोच्या आत. क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर मात्र काटकसर नको. त्यावरचा आकडा 1.025 च्या आसपास राहिला पाहिजे. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून रोजची घट गोड्या पाण्यानं भरायची.

एका बाबतीत बेंगळुरूतले आपण जयनगरकर भाग्यवान आहोत. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर राहतो. मुंबईत अशा टाकीला पाणी गार करायचं महागडं यंत्र लागतं, इथं एप्रिलमध्ये पाण्यावर लहान पंखा सोडला की बहुतेक काम भागतं. प्रवाळ ठेवायचं नसेल तर भारी दिवेही लागत नाहीत. आणि प्रवाळ ठेवूच नये. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कुणी काउंटरखालून काढून दाखवले तरी हात लावू नका.

पाण्याबद्दल या सदरात किती वेळा लिहिलंय, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे, पण इथंही ते टाळता येत नाही. आपलं कावेरीचं पाणी जवळजवळ शंभर किलोमीटरवरून उपसून वर चढवलेलं असतं. मार्च 2024 मध्ये पाणी मंडळानं गाड्या धुवायला आणि बागेला पिण्याचं पाणी वापरायला बंदी केली, तेव्हा आपल्या गल्लीत टँकरसाठी भांडणं झाली होती. बोअरचं पाणी जड, नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून टाकीला आरओचं पाणी लागतं आणि ते गाळताना बरंच पाणी बाहेर पडतं. ते बादलीत धरा, फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. ज्याला एवढं जमणार नसेल त्यानं या शहरात टाकी ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पाण्याहूनही मला छळतोय तो त्या तीन माशांचा प्रवास. निळा टँग तळहाताहून मोठा होतो, एक फुटापर्यंत वाढतो. तो तीस लिटरमध्ये विकणं हीच फसवणूक. शिवाय बंदिस्त पाण्यात त्याची पैदास पहिल्यांदा साधली ती 2016 मध्ये, फ्लोरिडात. त्यामुळे बाजारातला टँग बहुधा समुद्रातून उचललेलाच असतो. निमोचं तसं नाही. त्याची जोडी खडकावर अंडी घालते, नर राखण करतो, आठवड्याभरात पिल्लं फुटतात. मादी मेली तर तो नरच मादी होतो. हे मासे हॅचरीत वाढवता येतात. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ते तंत्र कधीच बसवलंय. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर बायकांनी शोभेच्या माशांचं आणि कोळंबीचं संगोपन करून उत्पन्न मिळवलंय. महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही निमोची हॅचरी उभी राहिली. पिल्लू टाकीतच जन्मलेलं असलं की तयार खाणं खातं, बंदिस्त पाण्याला सरावलेलं असतं, नवशिक्याच्या हातीही टिकतं आणि दहा-बारा वर्षं जगतं. समुद्रातून धरलेला मासा उपाशी, घाबरलेला, कधी रोग घेऊन येतो. मालवणच्या किनाऱ्यावर 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर केलं ते खडकांमधलं हे जीवन जागच्या जागी राहावं म्हणून. तिथं पाण्याखाली मासे बघून आलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या तरी खडकावरून ओरबाडलेला मासा दिवाणखान्यात बघवत नाही.

टाकी घेणार असाल तर दुकानात किमतीआधी एवढं विचारा: हा मासा हॅचरीतला की समुद्रातून धरलेला? धड उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवून बाहेर पडा. आणि टाकीसोबत त्याच दिवशी मासे बांधून देणाऱ्या दुकानात आपल्या मुलांना एकटं पाठवू नका.