घाईचा डाव, सबुरीचा डाव

आधी एक कबुली देतो. बोईसर ते पालघर या रोजच्या प्रवासात मी मोबाइलवर पैशाची रमी खेळत असे. पान टाकायला जेमतेम अर्धे मिनिट. एक डाव हरावा तो दुसरा तयार! परीक्षेची फी त्यातच गेली.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. पाचच दिवसांनी गणपती आले. आमच्या चाळीत जागरणाला रमी रंगली. पैज भुईमुगाच्या शेंगांची. तारापूर एम.आय.डी.सी.तली दुसरी पाळी संपवून आलेले शेजारचे काका तेरा पाने धरून स्वस्थ बसत. माझा जीव कासावीस!

"काका, टाका ना पान!"

"अरे, मी माझी पाने नाही बघत. तू काय टाकतोस, ते बघतोय."

मी घाईने इस्पिकची सत्ती टाकली. काकांनी ती उचलून डाव लावला.

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ मानला. पण समोरच्याने काय उचलले, काय टाकले हे पाहत थांबणे, वाईट हात मुकाट्याने सोडणे, हेच ते कौशल्य नव्हे काय? कायद्याने खेळ थांबला. बोटांना जडलेली घाई मात्र आपली आपणच सोडवली पाहिजे.

फीचे खरे काय ते बाबांना सांगायला मी आणखी दोन दिवस लावले. ती सबुरी नव्हती, भीती होती. हा फरकही आपण ओळखायला शिकावे.