अर्धवट झोपेवर इंटिग्रेशन

अकरावी-बारावीला गणित शिकवण्याची नोकरी ‘बायकांसाठी सोयीची’ समजली जाते. चार-पाच तासांचं काम, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, आणखी काय हवं, असं लग्न ठरवताना दोन्हीकडची मंडळी म्हणतात. आकुर्डी, भोसरी, मोशीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातल्या शिक्षिका तपासताना मला हा समज फारसा पटत नाही. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर ही नोकरी शरीराला बरीच महाग पडते.

आपल्या या पट्ट्याचा दिवस कारखान्याच्या पाळीवर चालतो. नवरा चाकण किंवा तळेगावच्या कंपनीत. एक आठवडा फर्स्ट, पुढचा सेकंड, मग नाईट. कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. सासू-सासरे लातूरकडे किंवा जळगावकडे गावी. बाळंतपणापुरते येतात आणि पेरणीच्या आधी परत जातात. त्यामुळे मूल कोण सांभाळणार याचं गणित दर आठवड्याला नव्याने मांडावं लागतं. बाईंचं कॉलेज सकाळी सातला, कारण दुपारी त्याच खोल्यांत शाळा भरते. घरी येऊन स्वयंपाक, मूल, भांडी. संध्याकाळी जेईई-सीईटीच्या क्लासमध्ये दोन-तीन तास, कारण कॉलेजचं मानधन तासिका तत्त्वावर आणि फ्लॅटचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. रात्री पेपर तपासायचे. ते होईपर्यंत मूल उठतं.

या शिक्षिका डोकेदुखी, कंबरदुखी, बसलेला आवाज घेऊन येतात. कागद लिहून होत आला की हळूच खरी तक्रार निघते: ‘डॉक्टर, डोकं चालत नाही.’ फळ्यावर रोजचं उदाहरण, दहा वर्षं शिकवलेलं, आणि तिसऱ्या पायरीला चिन्ह चुकतं. पहिल्या बाकावरचा मुलगा दुरुस्त करतो, वर्ग हसतो. गणिताच्या बाईला ते फार लागतं. मग भीती अशी की बाळंतपणात बुद्धीच गेली. घरातले, कधी सहकारीही, थट्टेत त्याला दुजोरा देतात.

बुद्धी जात नाही. गरोदरपणात मेंदू बदलतो हे खरं आहे. 2016 च्या अखेरीस ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींच्या मेंदूच्या काही भागांतला करडा पदार्थ कमी झालेला आढळला आणि तो बदल किमान दोन वर्षं टिकला. बातम्यांनी एवढंच उचललं. पण बदललेले भाग प्रामुख्याने दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित होते आणि त्याच स्त्रियांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत घसरण दिसली नव्हती, हे फार कुणी सांगितलं नाही. बाईंचं डोकं चालत नाही याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. त्या सलग झोपलेल्याच नसतात.

गणित शिकवताना मेंदू काय करतो ते पाहा. इंटिग्रेशनचं एक उदाहरण घ्या. कोणतं फलन पहिलं धरायचं, वजा चिन्ह कुठे येणार, शेवटी ‘प्लस सी’ राहून जाऊ नये, हे सगळं मनात धरून ठेवायचं. त्याच वेळी तिसऱ्या बाकावरची मुलगी कुठे अडली हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं आणि उजव्या हाताने लिहीत राहायचं. या मनात धरून ठेवण्याला कार्यस्मृती म्हणतात. फोन नंबर ऐकल्यापासून तो लावेपर्यंत आपण जिथे ठेवतो, ती जागा. जागा मुळात लहान, आणि तुटक झोपेचा फटका तिला लवकर बसतो. इतर विषय सोपे आहेत असं मी म्हणत नाही; पण गणितात एक पायरी घसरली की तिच्याखालचं सगळं चुकतं आणि ते साठ मुलांसमोर फळ्यावर दिसतं.

2003 मध्ये अमेरिकेत झालेला एक प्रयोग मी पुष्कळांना सांगतो. निरोगी माणसांना सलग 14 दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली होती. विशेष म्हणजे त्यांना स्वतःला ते तितकंसं जाणवत नव्हतं. ‘मला आता सवय झाली आहे’ या वाक्यावर माझा विश्वास नसतो तो यामुळे.

दुसरा प्रयोग 1997 चा, ‘नेचर’मधला. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी होते. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा 30 आहे. पहाटे चारला मुलाने उठवलेल्या बाई रात्री नऊला क्लास संपवून पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या रांगेतून स्कूटी काढतात, तेव्हा बरोबर 17 तास झालेले असतात. त्यांना कोणताही पोलीस अडवणार नाही. चुकलेल्या चिन्हापेक्षा मला काळजी या रस्त्याची आहे.

सगळं झोपेवर ढकलूनही चालत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शिकलेली, पगारदार बाई यातून आपोआप सुटत नाही. बाळंतपणानंतर 180 दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात, सरकारी रुग्णालयात त्या फुकट मिळतात, आणि बहुतेकींचं पाकीट फ्रिजवर तसंच पडलेलं असतं. घेणाऱ्याही चहाबरोबर घेतात, म्हणजे निम्मं काम वाया. प्रसूतीनंतरच्या वर्षात थायरॉईडही बिघडू शकतो. शाकाहारी घरात बी-12 पाहावं लागतं. तेव्हा डोकं चालत नसेल तर आधी हिमोग्लोबिन, टीएसएच आणि बी-12 तपासा, मग बुद्धीला दोष द्या.

इथे कुणीतरी मंगला नारळीकरांचं उदाहरण देतं. 1943 चा जन्म, 1966 मध्ये लग्न, केंब्रिजमधली काही वर्षं, तीन मुली, मोठं घर, आणि या सगळ्यातून 1981 मध्ये गणितातली पीएच.डी. पुढे विद्यापीठात अध्यापन, मुलांसाठी गणिताची सोपी पुस्तकं, बालभारतीच्या गणित समितीचं अध्यक्षपद. ‘वीस एक, वीस दोन’वरून 2019 मध्ये उठलेलं वादळ वाचकांना आठवत असेल. 2023 मध्ये त्या गेल्या. ही गोष्ट प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण आपल्या पिढीच्या शिकलेल्या बायकांनी घराला पहिला क्रमांक दिला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. लग्न आणि पीएच.डी. यांच्यामधली 15 वर्षं मला त्यात दिसतात. एवढ्या तयारीच्या बाईलाही गणित घराच्या फटीफटीतून करावं लागलं असेल, तर भोसरीतल्या तासिकेवरच्या बाईंना ‘त्यांनी केलंच ना’ म्हणणं हा उपदेश झाला, मदत नव्हे.

कायदा म्हणाल तर कागदावर बरा आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दोन सुट्ट्याही आहेत. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 2018 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पण तासाला पैसे मिळणाऱ्या आणि तास न घेतल्यास काहीच न मिळणाऱ्या बाईंच्या हाती यातलं फारसं पडत नाही. अडीच महिन्यांत वर्गावर परतलेल्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत. त्यातल्या एकीला संस्थेने सांगितलं होतं की बोर्डाची परीक्षा कुणासाठी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. चाकणच्या कारखान्यात पाळणाघर असलं तरी ते बायकांसाठी, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. बापाने मूल कंपनीत का आणू नये? ज्या वसाहतीत हजारो बाप काम करतात तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेला जातो. प्राचार्यांकडे तर माझी मागणी बिनखर्चाची आहे: दोन वर्षांच्या आतलं मूल असलेल्या बाईंना पहिली तासिका देऊ नका. वेळापत्रकातली एक अदलाबदल, पण पहाटेची दीड तास झोप वाचते.

घरात सगळ्यात उपयोगी पडते ती रात्रीतून एकदा सलग पाच तास झोप. सेकंड शिफ्टवाला नवरा साडेबाराला घरी येतो. तेव्हापासून पहाटेपर्यंतचं उठणं त्याचं, कारण सकाळी त्याला झोपता येतं. नाईटच्या आठवड्यात त्याचीच झोप मोडलेली असते, तेव्हा शेजारी-बहीण कुणाला तरी हाक मारावी लागते. बाळ दूध पीत असेल तर काढून ठेवलेलं दूध बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. एप्रिल-मे महिन्यात मात्र सरळ फ्रिजमध्येच ठेवा, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजा. हे नवऱ्याला जमत नाही असं मला आजवर एकाही नवऱ्याने सांगितलेलं नाही. त्यांच्या आया सांगतात.

मूल झोपलं असतानाही झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, आवडतं उदाहरण सोडवण्याचीही इच्छा उरली नसेल, तर तो थकवा नव्हे. ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत आणि त्यातली काही औषधं अंगावर पाजतानाही घेता येतात. सरकारी रुग्णालयात यायला वेळ नसेल तर ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.