बाणाच्या आत काय असतं?



विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास दिसतो. डावीकडे कचरा, उजवीकडे हायड्रोजनवर धावणारी बस, मध्ये एकच बाण. यंदा एका मुलीने विचारलं, "या बाणाच्या आत काय होतं?" खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीसोबत शेतातल्या टाकाऊ अवशेषांपासून जिवाणूंच्या मदतीने हायड्रोजन मिळवण्याचं तंत्र विकसित केलंय. पण जिवाणू शुद्ध हायड्रोजन देत नाहीत. अशा आंबवण्यात निघणाऱ्या वायूत साधारण निम्माच हायड्रोजन असतो. उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, शिवाय वाफ आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. गाडीच्या इंधन घटाला मात्र ९९.९७ टक्के शुद्धता लागते. सल्फाइड अगदी नावापुरता असला तरी आतलं प्लॅटिनम निकामी होतं.

म्हणून वायू दाबाने पातळ पडद्यातून सोडतात. आपण लगेच सांगतो, "चाळणीसारखं! लहान रेणू आधी जातो." हे अर्धंच खरं आहे. पडद्यात कोणता वायू किती विरघळतो, हेही महत्त्वाचं असतं. पॅलेडियम धातूच्या पडद्यात फक्त हायड्रोजन विरघळतो आणि पलीकडे निघतो. थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्येच हे दाखवलं. पण पॅलेडियम महाग, आणि गंधकाने तोही खराब होतो. म्हणजे सल्फाइड आधीच काढावा लागतो.

वर्गात हायड्रोजन आणू नका, तो पेट घेतो. त्याऐवजी एकसारखे दोन फुगे घ्या. एकात पंपाने हवा भरा, दुसऱ्यात व्हिनेगर आणि खायच्या सोड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड. दोन्ही सारखेच फुगवा. दुसऱ्या दिवशी सोड्याचा फुगा जास्त बसलेला दिसेल, कारण तो वायू रबरात सहज विरघळतो. त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेतला गॅसचा फुगा सकाळी का बसतो, हा प्रश्नही मुलं आपणहून विचारतील.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय. निर्माल्य, कचरा, ऊर्जा यांवर आपल्या मुलांकडून पुष्कळ तक्ते काढून घेतले जातील. माझं म्हणणं एवढंच, की एका बाणावर समाधान मानू नका. 'कचऱ्यातून ऊर्जा' ही घोषणा झाली. मधली मेहनत, खर्च आणि अडचणी दाखवल्या, तर ते विज्ञान होईल.

तुमच्या मुलाचा तक्ता पाहाल तेव्हा रंगांचं कौतुक जरूर करा. पण बाणावर बोट ठेवून विचारा, "इथे काय होतं रे?"