कपाटं नंतर, आधी ओटा!

आपलं नेरे हिंजवडी आयटी पार्कच्या जवळ. डब्याला गिऱ्हाईक आहे, म्हणून घरूनच टिफिन सुरू करायचा विचार बरेच जण करतात. आणि पहिलं काम काय? मॉड्युलर किचनचं कोटेशन! शटरचा रंग ठरतो, छतापर्यंत कपाटं ठरतात. भांडवल भिंतीला लागतं आणि पहिल्या महिन्याच्या किराण्याला उसनवारी. माझं मत स्पष्ट आहे: कपाटं ही सगळ्यात शेवटची खरेदी.

आधी कामाचा क्रम कागदावर लिहा. माल आला, धुतला, चिरला, शिजवला, डब्यात भरला. त्याच क्रमाने जागा लावा: फ्रीज, सिंक, चिरायला मोकळा ओटा, शेगडी आणि दाराकडे डबे भरायची जागा. कच्चा माल आणि तयार जेवण यांची वाट एक नको. एफएसएसएआयची नोंदणी तुम्हाला लागणारच आहे, तेव्हा ही शिस्त पहिल्यापासून ठेवा.

जागा लहान आहे म्हणता? 1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी साधारण सव्वासहा बाय अकरा फुटांचं स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या डब्यातलं किचन त्यांच्या डोळ्यासमोर होतं. अडचण जागेची नसते, हेलपाट्यांची असते. एका डब्यामागे दहा पावलं जास्त पडली, तर 40 डब्यांना रोज 400 पावलं. महिन्याचे 26 दिवस धरा, 10,400 झाली! ही मजुरी कोण देणार?

आता गॅस. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो उभा ठेवायला आणि बदलायला जागा आधीच सोडा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात कोंडू नका.

मग कपाटं. मुळशीचा पावसाळा माहितीये ना? सिंकखाली पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ नकोच, पाणी लागलं की फुगतं. कडप्प्याचे खण आणि स्टीलच्या ट्रॉल्या सुरुवातीला पुरतात. प्लाय घ्यायचाच असेल, तर त्यावर आयएस 710 चा शिक्का बघा. ओट्याची उंची मात्र सुताराला विचारू नका. जो दिवसभर उभा राहणार, त्याच्या कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली ठेवा.

"पण घर छान दिसायला नको का?" हवं ना! कडप्प्याच्या खणांना शटर नंतरही बसतं. ते नफ्यातून बसवा, कर्जातून नको.

आज एकच काम करा. खडू घ्या, फरशीवर ओटा आखा आणि एका डब्याचा स्वयंपाक खोटाखोटा करून बघा. जिथे मागे वळावं लागेल, तिथे फुली मारा. फुल्या संपल्या, की मगच कोटेशन मागवा.