हरी, खाटलं आणि पापड

बालमित्रांनो,

या आठवड्यात खरं तर मी तुम्हांला बचतीच्या डब्याबद्दल लिहिणार होतो. तयारीही झाली होती. पण परवा एक पत्र आलं आणि बेत बदलला. डबा पुढच्या खेपेला.

पत्र सातवीतल्या एका मित्राचं आहे. ‘माझं नाव-गाव छापू नका’ असं त्यानं दोनदा लिहिलंय, दुसऱ्यांदा तर लाल शाईनं! तेव्हा ते गुपितच राहू द्या. मजकूर मात्र थोडक्यात सांगतो.

त्याच्या शाळेत एक पाहुणे आले होते. त्यांनी सगळ्या मुलांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, “रोज सकाळी उठल्याबरोबर एकवीस वेळा म्हणा, मी श्रीमंत होणार! असा विचार करणाऱ्याकडे पैसा आपोआप येतो.” आता आपल्या या मित्राच्या बाबांचं छोटंसं किराणा दुकान आहे. दुकानावर कर्ज झालंय. रात्री आई-बाबा हळू आवाजात बोलतात आणि ते याला पांघरुणातून ऐकू येतं. म्हणून त्यानं अगदी मनापासून सुरुवात केली. पुढे तो लिहितो, “काका, मी ४३ दिवस म्हटलं. ताप होता त्या दिवशीही म्हटलं. पण बाबांचं कर्ज तसंच आहे. माझा विचार कमी पडतोय का? माझ्यामुळे तर नाही ना?”

मित्रा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही. तुझ्यामुळे मुळीच नाही. कर्ज उधारीनं होतं, आजारपणानं होतं, धंदा मंदावल्यानं होतं. मुलानं सकाळी एकवीसऐवजी वीस वेळा म्हटल्यानं होत नाही. हे ओझं तुझ्या दप्तरात कुणी घातलं असेल, तर ते आत्ताच काढून ठेव.

मग काय, चांगला विचार करायचाच नाही? करायचा तर! ‘मला मेलं काही जमायचंच नाही’ म्हणून बसणाऱ्याला खरोखरच काही जमत नाही. पण चांगला विचारही दोन जातींचा असतो. एक अंथरुणात पडून करायचा आणि दुसरा उठून करायचा. पहिल्या जातीसाठी आपल्याकडे फक्कड म्हण आहे: ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी.’ दुसऱ्या जातीची मी गोष्ट सांगतो. गंमत म्हणजे त्या गोष्टीतही एक खाट आहे, बरं का!

ही गोष्ट मुंबईतल्या गिरगावची. तारीख १५ मार्च १९५९. एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. घरचं काम आटोपल्यावर हाताशी वेळ होता, पण संसाराला पैसा पुरत नव्हता. हाती भांडवल नव्हतं, की मोठं शिक्षण नव्हतं. एक गोष्ट मात्र त्यांना उत्तम येत होती, ती म्हणजे पापड लाटणं. छगनलाल करमशी पारेख नावाच्या समाजसेवकांकडून त्यांनी ऐंशी रुपये उसने घेतले, उडदाचं पीठ आणलं आणि कामाला लागल्या. पहिल्या दिवशी पापडांची पाकिटं किती भरली असतील? चार! अवघी चार. ती त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला दिली.

पहिल्या वर्षी त्यांची विक्री झाली ६,१९६ रुपयांची. वहीत भागाकार करून पाहा. महिन्याला जेमतेम ५१६ रुपये. आणि लक्षात ठेवा, हा आकडा विक्रीचा आहे, नफ्याचा नव्हे. त्यातून उडीद, मिरी, हिंग, मीठ यांचा खर्च वजा करायचा आणि मग उरलेलं सगळ्यांत वाटायचं.

त्यातच पावसाळा आला. आता पापड वाळायला ऊन हवं आणि मुंबईचा पाऊस तर तुम्हांला माहीतच आहे! त्या पहिल्या वर्षी चार महिने काम चक्क बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी पाऊस पुन्हा येणारच होता. तो काय आपल्या चांगल्या विचारांना भिऊन परत जातो? मग या बायकांनी काय केलं? एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले आणि खाटेखाली स्टोव्ह पेटवून ठेवला. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत पापड वाळतायत!

पाहिलंत? खाटल्यावर हरीनं काही आणून दिलं नाही. खाटल्याचाच उपयोग करून बायकांनी पावसावर मात केली.

ते पापड म्हणजेच ‘लिज्जत’. ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ हे नाव तुम्ही दुकानात पाकिटावर वाचलं असेल. आज देशभर हजारो बहिणी या संस्थेत काम करतात. संस्थेत त्यांना ‘बहिणी’ असंच म्हणतात. सकाळी केंद्रावरून पिठाची कणीक न्यायची, घरी पापड लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी ते देऊन वजनाप्रमाणे पैसे घ्यायचे. त्या सात जणींपैकी एक, जसवंतीबेन जमनादास पोपट, यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

हे यश कशामुळे आलं? मला त्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, त्यांनी आपलं ध्येय ‘खूप पैसे मिळवायचे’ असं मोघम ठेवलं नाही. ‘आपल्याला येणाऱ्या कामातून, आपल्या कष्टाचे पैसे मिळवायचे’ असं नेमकं ठेवलं. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हेही सुरुवातीलाच ठरवलं होतं. दुसरी, माल चोख ठेवला. आधी त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. मग छगनलालजींचा सल्ला मानून एकच उत्तम प्रत ठेवली आणि पै-पैचा हिशेब ठेवला. तिसरी गोष्ट ती खाट! अडचण आली की ‘आता कसलं होतंय’ असं म्हणायचं नाही आणि ‘होईल सगळं छान’ असंही म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘मग कसं करू या?’ माझ्या मते हे चार शब्द म्हणजेच खरा चांगला विचार.

तुम्ही म्हणाल, काकांना दुसऱ्याच्या गोष्टी सांगायला काय जातं! म्हणून आता माझीच फजिती ऐका.

१९८२ साल. मीही तेव्हा सातवीतच होतो. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. आमचे आप्पा गिरणी कामगार. त्या जानेवारीत मुंबईतल्या कापड गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यात आमचे आप्पाही होते. महिन्यामागून महिने गेले, पगार नाही. मला वाटलं, आपणही काहीतरी केलं पाहिजे. दिवाळी जवळ आली होती. आम्ही तिघा मित्रांनी ठरवलं, आकाशकंदील करून विकायचे. चाळीस कंदील, तीन रुपयांना एक, म्हणजे एकशेवीस रुपये! मी तर मनातले मांडे खायला सुरुवातही केली. आप्पांच्या हातात पैसे ठेवतोय, ते माझ्याकडे बघतायत... आईच्या मागे लागून डाळीच्या डब्यातले साठ रुपये घेतले. बांबूच्या कामट्या, जिलेटीनचा कागद, खळ, दोरा सगळं आणलं. आठ दिवस खपून चाळीस कंदील केले. दिसायला झक्क होते हं!

विकले गेले किती? सतरा.

का? अहो, अख्ख्या चाळीला पगार नव्हता आणि आम्ही त्याच चाळीत कंदील विकायला निघालो होतो! लोकांनी माळ्यावरचे जुने कंदील काढून नवा कागद चिकटवला होता. साठातले एक्कावन्न आले, नऊ रुपये बुडाले आणि तेवीस कंदील उरले. नऊ रुपये आज हसण्यावारी नेता येतात. त्या वर्षी आमच्या घरात ते हसण्यासारखे नव्हते. मी रात्री तोंड लपवून रडलो. आई रागावली नाही. सकाळी उरलेल्या कंदिलांच्या कामट्या मोडून शेगडीत घालता घालता तिनं एवढंच विचारलं, “करायच्या आधी कुणाला विचारलं होतंस का रे, हवाय का म्हणून?”

विचारलंच नव्हतं! कंदील खपतील यावर माझा इतका गाढ विश्वास होता, की विचारायची गरजच वाटली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही आधी हिंडलो आणि मग कामट्या आणल्या. दादरला हिंदू कॉलनीत गेलो. तिथल्या घरांतून पगार चालू होते. दारोदार विचारलं, कंदील हवाय का, केवढा हवा, कोणत्या रंगाचा हवा? पहिल्या बारा दारांत ‘नको’ ऐकलं. मित्रांनो, चांगला विचार खरा कुठे लागतो ठाऊक आहे? तेराव्या दाराची बेल वाजवताना! शेवटी सव्वीस कंदिलांची मागणी मिळाली. प्रत्येकाकडून एक रुपया इसार घेतला. सामानाला एकोणचाळीस रुपये लागले. सव्वीस इसाराचे होते, म्हणून आईकडून फक्त तेरा घेतले. अठ्ठ्याहत्तर रुपयांची विक्री झाली. आईचे तेरा परत केले आणि तिघांना नफा मिळाला प्रत्येकी तेरा रुपये. आप्पांचा पगार काही त्यातून भरून निघाला नाही. तो निघणारही नव्हता. पण पैसा कसा येतो हे मला त्या तेरा रुपयांनी शिकवलं.

आता तुमची पाळी. एक वही घ्या आणि चार ओळी लिहा.

पहिली ओळ: कशासाठी आणि किती? ‘श्रीमंत व्हायचं’ हे लिहायचं नाही. ‘सहलीची वर्गणी, ६०० रुपये’ असं लिहायचं.

दुसरी ओळ: कधीपर्यंत? समजा बारा आठवडे आहेत. म्हणजे आठवड्याला ५० रुपये. बघा, सहाशेचा डोंगर लगेच पन्नासची टेकडी झाला!

तिसरी ओळ: मला काय येतं आणि ते कुणाला हवंय? राख्या, पणत्या रंगवणं, जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या नव्या वह्या शिवणं, काहीही. पण करण्याआधी किमान दहा जणांना विचारायचं. खर्च वेगळा लिहायचा, विक्री वेगळी लिहायची. खाऊचे वाचवलेले पैसेही याच वहीत चढवायचे. वाचवलेला रुपया मिळवलेल्या रुपयाइतकाच खणखणीत वाजतो.

चौथी ओळ: अडचण कोणती येईल? तिच्यापुढे लिहायचं, ‘मग कसं?’

आणि हो, दोन अटी आहेत. अभ्यास आणि खेळ मोडून काही करायचं नाही आणि आई-बाबांना सांगितल्याशिवाय कुणाच्या दारी जायचं नाही. मोबाइलवर ‘घरबसल्या रोज हजार रुपये’ अशी जाहिरात दिसली, तर ती खाटल्यावरच्या हरीचीच नवी जाहिरात समजा. तिथे पैसे येत नाहीत, बहुतेक वेळा जातात.

आता पुन्हा माझ्या पत्रवाल्या मित्राकडे वळतो. बाबांचं कर्ज फेडणं हे तुझं काम नाही, ते मोठ्यांचं काम आहे. पण तुझं अक्षर सुंदर आहे, हे मला पत्रावरून दिसतंच आहे. तेव्हा येत्या रविवारी बाबांना विचार, “उधारीची वही मी नीट उतरवून देऊ का?” कुणाकडून किती यायचे, कधीपासून यायचे, याची एक स्वच्छ यादी कर आणि खाली बेरीज मार. पुष्कळ छोट्या दुकानदारांचा पैसा गल्ल्यात नसतो, उधारीच्या वहीत अडकलेला असतो. निदान तो किती आहे हे तर कळेल. आणि मग सकाळी एकवीस वेळा काय म्हणायचं? काही म्हणू नकोस. मस्तपैकी झोप काढ आणि ताजातवाना होऊन शाळेत जा.

जाता जाता दोन शब्द पालकांसाठी. तुम्ही हळू आवाजात बोलता, पण पांघरुणाला कान असतात. मुलानं विचारलं, ‘घरात पैशाचं काय चाललंय?’ तर ‘तू तुझा अभ्यास कर’ म्हणून त्याला गप्प बसवू नका. त्याला पेलेल एवढं खरं सांगा. न सांगितलेलं कर्ज मुलं स्वतःच्या नावावर मांडतात, हे या पत्रानं मला शिकवलं.

आणि मित्रा, यादी झाली की बेरीज मला कळव. आकडा छापणार नाही. लाल शाईनं लिहिलंस तरी चालेल!

तुमचा,
काका