माळशेजपलीकडची गुणगुण आणि विश्वोत्पत्तीचा वाद

मुरबाड, प्रतिनिधी

हिवाळ्यातील अमावास्येच्या सुमारास मुंबई-ठाण्यातील आकाशप्रेमी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांची वाट धरतात. शहरातील दिव्यांच्या झगमगाटात पुसले गेलेले तारे येथे अजूनही नुसत्या डोळ्यांना दिसतात. हे सारे सुरू झाले तरी कसे, हा प्रश्न अशा रात्री मनात येतोच. त्याच्या उत्तरासाठी जगभर चाललेल्या शोधाचे एक महत्त्वाचे ठाणे मुरबाडहून फार दूर नाही. टोकावड्यावरून माळशेज घाट चढून आळेफाट्याला नारायणगावकडे वळले की पुढे खोडद लागते. तेथे ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे.

प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. याच दुर्बिणीची निरीक्षणे वापरून भारतीय, जपानी आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी जून २०२३ मध्ये एक निष्कर्ष जाहीर केला. विश्वात अत्यंत संथ गुरुत्वीय लहरींची अखंड गुणगुण चालू असल्याचा तो पुरावा होता. अमेरिका, चीन व ऑस्ट्रेलियातील गटांनीही त्याच सुमारास तसेच संकेत मिळाल्याचे सांगितले.

ही गुणगुण पकडण्याची रीत मोठी विलक्षण आहे. सेकंदाला शेकडो वेळा गिरक्या घेणारे पल्सार हे निसर्गाचे अचूक घड्याळ मानले जाते. गुरुत्वीय लहर अवकाश ताणत-आकसत पुढे सरकली की पल्सारचे ठोके सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी फरकाने पुढेमागे होतात. मात्र वाटेतील विद्युतभारित वायूमुळेही ठोके उशिरा पोहोचतात. हा दोष कमी वारंवारतेवर ठळक दिसतो. तो नेमका मोजून वजा करण्यात खोडदच्या दुर्बिणीचा खरा वाटा आहे. युरोपीय गटाच्या गाठीशी २५ पल्सारची सुमारे २५ वर्षांची निरीक्षणे होती.

अमेरिकेतील ‘लायगो’ने सप्टेंबर २०१५ मध्ये टिपलेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झालेली लहर निराळी. ती दोन कृष्णविवरांच्या टकरीची होती आणि सेकंदाच्या अंशात संपली. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळचा ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पही अशाच जलद लहरींसाठी आहे. त्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. पल्सारवरून कळणाऱ्या लहरींचे एकेक आवर्तन मात्र कित्येक वर्षांचे असते.

ही गुणगुण महास्फोटाची साक्ष आहे काय? तसे म्हणणे आज घाईचे ठरेल. आकाशगंगांच्या केंद्रांतील प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या हा तिचा सर्वांत संभाव्य उगम मानला जातो. आरंभीच्या क्षणीच्या अतिवेगवान प्रसरणातून, म्हणजे ‘इन्फ्लेशन’मधून, तिचा काही भाग आला असण्याची शक्यताही चर्चेत आहे. घाईचा धडा २०१४ मध्ये मिळालाच होता. दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ दुर्बिणीने आदिम लहरींची खूण सापडल्याचा गाजावाजा केला आणि वर्षभरात तो संकेत बव्हंशी आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा निघाला.

तरीही वाद निकाली काढण्याची ताकद याच लहरींत आहे. स्टाइनहार्ट आणि ट्युरॉक यांच्या चक्रीय विश्वाच्या सिद्धांतानुसार अशी आदिम खूण जवळजवळ सापडू नये, तर इन्फ्लेशनची अनेक रूपे ती असल्याचे सांगतात. ती सापडली तर पहिला सिद्धांत अडचणीत येईल. न सापडल्यास मात्र इन्फ्लेशन लगेच खोटे ठरणार नाही, कारण त्याच्या काही रूपांत ही खूण अतिशय क्षीण असते.

मराठी वाचकाला या वादाची ओळख डॉ. जयंत नारळीकर यांच्यामुळे फार पूर्वीच झाली. फ्रेड हॉएल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी मांडलेल्या सिद्धांतात एकच आरंभ नव्हता. त्यात पदार्थनिर्मितीच्या लहान-लहान घटना वारंवार घडत होत्या. त्या घटनांतून गुरुत्वीय लहरी निघतील, याचेही गणित त्यांनी सहकाऱ्यांसह मांडले होते. वैश्विक पार्श्वप्रारणाची निरीक्षणे महास्फोटाच्या बाजूने असल्याने बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हा सिद्धांत स्वीकारला नाही. परंतु मोजमापाने तपासता येईल असेच भाकीत करण्याचा त्यांचा आग्रह मोलाचा होता. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता मोजमाप हवे तर शांतताही हवी, आणि घाटापलीकडे तीच दुर्मिळ होत आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा नियोजित मार्ग जीएमआरटीच्या परिसरातून जात असल्याने दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल, असा आक्षेप आला. रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलण्याची भूमिका घेताच त्या पट्ट्यातील लोकप्रतिनिधींनी मूळ मार्गाचा आग्रह धरला. त्यांची मागणी गैरवाजवी नाही; जुन्नर-नारायणगावच्या शेतमालाला रेल्वे हवीच आहे. पण पल्सारच्या नोंदी वर्षानुवर्षे सलग लागतात, आणि एकदा गोंगाटात हरवलेला ठोका पुन्हा मोजता येत नाही.